चाकांच्या खुर्चीवरून समुद्रदर्शन

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वऱ्हाडास समुद्र नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट लागतें, तेवढीच आपली खाऱ्या पाण्याशीं ओळख. खरा समुद्र अमरावती-अकोल्याहून शेंकडों किलोमीटर दूर. म्हणून सुटींत समुद्र पाहावयास जाण्याचें ठरलें म्हणजे घरांत मोठा आनंद होतो. परंतु त्याच वेळीं एका माणसास हळूच सांगण्यांत येतें, "आजी, तूं घरींच राहा. वाळूंत तुझी खुर्ची चालावयाची नाहीं. आम्ही तुझ्यासाठीं शंख आणूं." आजी 'बरें' म्हणते व तोंड फिरविते. एखाद्या घरीं हें सांगणें चालतां न येणाऱ्या धाकट्या भावास असतें. सांगणारांचें मन वाईट नसतें. वाळूंत चाक कां रुततें व केव्हां रुतत नाहीं, हें त्यांस ठाऊक नसतें, एवढेंच. तें समजावून देण्याचा आम्ही येथें प्रयत्न करितों.

प्रथम चाकाचा विचार करूं. पावसाळ्यांत काळ्या मातींत बैलगाडी रुतली म्हणजे शेतकरी काय करितो? चाकाखालीं फळी किंवा पऱ्हाट्या-तुराट्या घालतो. त्यायोगें गाडीचें वजन कमी होत नाहीं. तें अधिक जागेवर पसरतें. समजा, माणूस व खुर्ची मिळून वजन ९० किलो आहे आणि चारही चाकें मिळून जमिनीस ३० चौरस सेंटीमीटर टेकतात. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरावर ३ किलोचा भार पडला. तेंच वजन ३०० चौरस सेंटीमीटरांवर पसरलें, तर भार एकदशांश होईल. याच तत्त्वावर समुद्रकांठासाठीं फुग्यासारख्या रुंद चाकांच्या खुर्च्या करितात. कुबडीच्या टोंकास रुंद रबरी टोपण बसविण्याचें कारणही हेंच.

साधी खुर्ची असली तरी निराश होऊं नये. तिचीं पुढचीं लहान चाकें आधीं रुततात. म्हणून मऊ वाळूंत खुर्ची फिरवून पाठमोरी ओढावी. म्हणजे मोठीं चाकें आधीं चालतात व लहान चाकांवरील भार हलका होतो.

आतां वाळूचा विचार. घराच्या बांधकामासाठीं रेतीचा ढीग पडला म्हणजे तुम्ही पायावर ओली रेती थापून खोपा करितां. कोरड्या रेतीचा खोपा होतो काय? नाहीं. कणांमधील थोडेंसें पाणी त्यांस एकमेकांशीं धरून ठेवितें. समुद्रकांठींही तसेंच आहे. वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते. ओहोटीनें नुकतीच उघडी पडलेली ओलसर वाळू घट्ट असते. मात्र जेथें पाणी साचलें आहे व पाऊल खचतें, तेथें चाक नेऊं नये.

यावरून जाण्याची वेळ ओहोटीची असावी, हें उघड आहे. ती काढण्याची कोंकणांतील दर्यावर्दी लोकांची रीत फार सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा अदमासें तास मिळतो. चतुर्थीस ३ वाजतां भरती, तर सुमारें सव्वासहा तास आधीं किंवा नंतर, म्हणजे नवाच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीस भरती ६ वाजतां, ओहोटी दुपारीं बाराच्या सुमारास. वद्य पक्षांतही प्रतिपदेपासून याचप्रमाणें मोजावें. मुंबई व अलिबागकडे हा हिशेब बहुतेक जुळतो; तरी निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीचें छापील कोष्टक पाहावें. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधीं वाळूंत उतरावें व पाणी फिरतांच परतावें.

मार्ग कोणता घ्यावा? अमरावती, बडनेरा किंवा अकोला येथून रेल्वेनें मुंबईस जावें. पूर्वीं कोंकणच्या आगबोटी खोल पाण्यांत थांबत व उतारू लहान पडावांत उतरून कांठास लागत. पांगळ्या माणसास तें फार कठीण. आतां भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट जाते. ही सेवा मार्च २०२० मध्यें सुरू झाली. तिचा दरवाजा धक्क्यावर टेकतो व मोटारी थेट आंत जातात, त्यामुळें चाकास दाराशीं पायऱ्या आडव्या येत नाहींत. वरच्या मजल्यावर कसें जातां येईल, हें मात्र तिकीट घेण्यापूर्वींच विचारावें. बोटींत खुर्चीचा ब्रेक लावून ठेवावा. मांडव्याहून अलिबाग सुमारें २० किलोमीटर आहे. तेथील काळसर वाळू ओहोटीस घट्ट असते. त्या वेळीं लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत पायीं जातात. परंतु ती वाट खडकाळ आहे, खुर्चीनें तिकडे जाऊं नये. पावसाळा तर टाळावाच.

दोन गोष्टी विसरूं नयेत. खुर्चीस हात लावण्यापूर्वीं बसलेल्या माणसास विचारावें; तो माणूस आहे, सामान नव्हे. आणि परतल्यावर खुर्ची गोड्या पाण्यानें धुऊन, पुसून, तिला तेल द्यावें. नाहीं तर खारें पाणी लोखंड खातें.

हें काम एकेका कुटुंबानेंच करावें असेंही नाहीं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्यें खुर्च्यांसाठीं लांकडी वाट खुली झाली. पुढच्याच महिन्यांत मांदोस वादळाच्या लाटांनीं तिची मोडतोड केली, तेव्हां ती दुरुस्त करण्यांत आली. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेंही सार्वजनिक जागा व वाहनें सर्वांस सुगम करणें हें कर्तव्य ठरविलें आहे.

तेव्हां मित्रहो, पुढील सुटीचा बेत ठरेल तेव्हां प्रथम पंचांग काढा, तिथीची पाऊणपट करा आणि आजीस विचारा, "आजी, समुद्र पाहावयास येतेस ना?" शंख मग तिचा तीच वेंचील.