पोस्ट टाकण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर कशी दिसेल? काय तपासावे, कसे तपासावे?

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या एका गृहिणीने मोबाइलवर रील तयार केले, असे समजा. वर चकल्यांचे ताट, मध्ये दरपत्रक आणि तळाशी फोन क्रमांक. तिच्या स्क्रीनवर सगळे नीट दिसत होते. रील अनेकांनी पाहिले, पण फोन मात्र कुणाचाच आला नाही. कारण प्रत्यक्षात तळाच्या क्रमांकावर इन्स्टाग्रामने तिच्या खात्याचे नाव आणि रीलखालचा मजकूर चढवला होता. क्रमांक कुणाला वाचताच आला नाही. फराळ विकणाऱ्यांपासून गणेश मंडळांपर्यंत आणि लग्नपत्रिका पाठवणाऱ्यांपासून रक्तदानाचे आवाहन करणाऱ्यांपर्यंत अनेकांची अशी फसगत होते. पोस्ट बनवताना जी दिसते आणि लोकांपर्यंत जी पोहोचते, त्यात फरक का पडतो आणि तो आधीच कसा ओळखायचा, याचा हा आढावा.

चित्र कापले का जाते?

प्रत्येक ॲपची चौकट वेगळी असते. एकाच ॲपमध्येही एकच चित्र दोन-तीन चौकटींत दाखवले जाते. इन्स्टाग्रामवर चौरस पोस्टसाठी १०८० बाय १०८० पिक्सेल, उभ्या पोस्टसाठी १०८० बाय १३५० आणि रील किंवा स्टोरीसाठी १०८० बाय १९२० हे आकार रूढ आहेत. मात्र प्रोफाइल उघडल्यावर दिसणाऱ्या ग्रिडची चौकट यांपेक्षा निराळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने ग्रिडमधील चौरस चौकट बदलून ती उभी, म्हणजे ३:४ प्रमाणाची केली. चौरस चित्र या चौकटीत बसवताना डावी आणि उजवी अशा दोन्ही कडांचा प्रत्येकी आठवा भाग कापला जातो. रीलच्या मुखचित्राचा वरचा आणि खालचा तेवढाच भाग ग्रिडमध्ये दिसत नाही. त्यामुळे दुकानाचे नाव किंवा कार्यक्रमाची तारीख अगदी कडेला लिहिलेली असेल, तर ती अर्धवट दिसते.

काही ठिकाणी चित्र कापले जात नाही, पण झाकले जाते. यूट्यूबच्या थंबनेलवर उजव्या कोपऱ्यात खाली व्हिडीओचा कालावधी येतो. रीलमध्ये उजवीकडे लाइक, कमेंटची चिन्हे असतात आणि खाली मजकूर. म्हणूनच रील जाहिरातींत वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा सुमारे ३५ टक्के भाग महत्त्वाच्या मजकुरापासून मोकळा ठेवावा, असे मेटा कंपनीचे जाहिरातदारांना सांगणे आहे. घरगुती रीललाही हाच नियम लावायला हरकत नाही.

कुठे कापायचे हे कोण ठरवते?

बहुतेक वेळा ॲपच. या प्रश्नावरून ट्विटर, म्हणजे आजचे एक्स, एकदा चांगलेच अडचणीत आले होते. पाहणाऱ्याची नजर चित्रात आधी कुठे जाईल याचा अंदाज घेऊन तेवढाच भाग प्रीव्ह्यूमध्ये दाखवणारी यंत्रणा कंपनीने २०१८ मध्ये सुरू केली. सप्टेंबर २०२० मध्ये काही वापरकर्त्यांनी लांबलचक चित्राच्या एका टोकाला बराक ओबामा आणि दुसऱ्या टोकाला सिनेटर मिच मॅकॉनेल यांचा फोटो ठेवून पाहिला. प्रीव्ह्यूमध्ये पुन्हा पुन्हा मॅकॉनेल यांचाच चेहरा दिसू लागला आणि वर्णभेदाचा आरोप झाला. कंपनीने तपासणी करून मे २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. समान संधीच्या तुलनेत गोऱ्या व्यक्तींच्या बाजूने ४ टक्के आणि स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के कल आढळला होता. चित्र कुठे कापायचे हा निर्णय माणसानेच घेणे बरे, असे कंपनीने मान्य केले. नेहमीच्या प्रमाणातील चित्रे मोबाइलवर न कापता दाखवणे आणि पोस्ट लिहितानाच चित्र जसे दिसणार तसे समोर ठेवणे, हे बदलही त्याच महिन्यात आले.

लिंक पाठवल्यावर भलताच फोटो का येतो?

लिंकसोबत दिसणारा फोटो, मथळा आणि दोन ओळींचा मजकूर त्या वेबपानाच्या आत लिहून ठेवलेल्या सूचनांवरून घेतला जातो. ‘ओपन ग्राफ’ नावाची ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली आणि पुढे इतरांनीही ती स्वीकारली. पानावर अशी सूचनाच नसेल, तर ॲप स्वतःच एखादे चित्र उचलते. ते चित्र बातमीतले असेल किंवा कोपऱ्यातल्या जाहिरातीतलेही असू शकते. संस्था, शाळा किंवा दुकानाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी या फोटोसाठी १२०० बाय ६३० पिक्सेलचे आडवे चित्र द्यावे.

दुसरी अडचण जुन्या नोंदीची. एकदा लिंक शेअर झाली की तिचा प्रीव्ह्यू साठवला जातो. नंतर संकेतस्थळावर फोटो बदलला तरी शेअर करताना जुनाच दिसत राहतो. फेसबुकचे ‘शेअरिंग डीबगर’ आणि लिंक्डइनचे ‘पोस्ट इन्स्पेक्टर’ ही मोफत साधने यासाठीच आहेत. त्यांत लिंक टाकली की प्रीव्ह्यू कसा दिसेल ते कळते आणि जुनी नोंद ताजीही करता येते.

मराठी मजकुरात वेगळे काय घडते?

मराठीच्या बाबतीत तीन अडचणी नेहमी येतात. पहिली फॉण्टची. छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर थेट फेसबुकवर चिकटवला, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

दुसरी अडचण अक्षरे तुटण्याची. चित्रावर मजकूर बसवणाऱ्या काही ॲप्सना देवनागरी नीट जमत नाही. पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, रफार सरकतो, जोडाक्षराचा पाय मोडतो. काही तयार टेम्प्लेट इंग्रजी अक्षरांच्या उंचीनुसार केलेली असतात, त्यामुळे वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. ‘कृपया’ आणि ‘पूजा’ असे शब्द म्हणूनच मोठे करून तपासावेत.

तिसरी अडचण मोजणीची. एक्सच्या मोफत खात्यावर २८० अक्षरांची मर्यादा आहे, पण काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबाने तो ११ चिन्हांचा होतो.

फोटो धूसर का होतो?

डेटा वाचवण्यासाठी ॲप्स फोटोचा आकार घटवतात. मोठ्या चेहऱ्याच्या फोटोत हे जाणवत नाही, पण बारीक अक्षरांतले दरपत्रक किंवा कार्यक्रमपत्रिका पुसट होते. व्हॉट्सअॅपने ऑगस्ट २०२३ मध्ये फोटो एचडी दर्जात पाठवण्याची सोय दिली, पत्रिका पाठवताना ती जरूर वापरावी. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो. मात्र फोटो कुठे काढला याची नोंद फाइलमध्ये असेल, तर तीही सोबत जाते. फ्लेक्ससाठी केलेली फाइल तशीच पोस्ट करणेही टाळावे. छपाईचे रंग आणि स्क्रीनचे रंग वेगळ्या पद्धतीने तयार होतात, त्यामुळे भगवा विटकरी दिसू शकतो.

मग तपासायचे कसे?

- चित्र आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. शक्यतो तो लहान स्क्रीनचा किंवा जुना असावा. एकदा डार्क मोडमध्येही पाहा.
- फोन हातभर लांब धरा. तारीख, ठिकाण आणि क्रमांक न झूम करता वाचता आले पाहिजेत.
- फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर पोस्ट आधी ‘ओन्ली मी’ ठेवून पाहा, मग सर्वांसाठी खुली करा. यूट्यूब व्हिडीओ आधी ‘प्रायव्हेट’ ठेवता येतो.
- व्यवसायाचे पेज असेल, तर ‘मेटा बिझनेस सूट’मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील पोस्टचा प्रीव्ह्यू आधीच दिसतो.
- रील टाकताना मुखचित्र निवडा आणि ग्रिडमध्ये त्याचा कोणता भाग दिसतो ते पाहा.
- महत्त्वाची माहिती पहिल्या ओळीत लिहा. लांब मजकुराचा पुढचा भाग ‘मोअर’मागे दडतो.
- पोस्ट तयार करताना हजर नसलेल्या व्यक्तीला ती दाखवा आणि काय समजले ते विचारा.

चूक नंतर दुरुस्त करता येत नाही का?

थोडीच करता येते. इन्स्टाग्रामवर पोस्टखालचा मजकूर बदलता येतो, पण टाकलेला फोटो बदलता येत नाही. व्हॉट्सअॅपवरील संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटेच दुरुस्त करता येतो. फेसबुकवर केलेल्या दुरुस्तीचा इतिहास इतरांनाही पाहता येतो. शिवाय तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला असेल किंवा फोटो पुढे पाठवला असेल, तर तो परत आणण्याचा मार्ग नाही.

म्हणूनच शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची ठरते. चित्राखालचा मजकूर झाकून पाहा. कुणी फोटो गॅलरीत साठवून पुन्हा पाठवला की तो मजकूर सुटतो आणि चित्र एकटेच फिरू लागते. ‘आज तातडीने रक्त हवे आहे’ एवढेच चित्रात असेल आणि तारीख, गाव, रुग्णालय खालच्या मजकुरात राहिले असेल, तर गरज संपल्यानंतरही ते आवाहन गटागटांतून फिरत राहते. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो आणि नातेवाइकांचा फोन मात्र वाजतच असतो. तारीख, गाव आणि रुग्णालय चित्रातच लिहिलेले असले, तर पुढे पाठवणाऱ्याला ते पाहून थांबता येते.