पायथनने काढून टाकलेलं कुलूप

पिकल हा पायथनचा जुना मॉड्यूल. प्रोग्राम चालू असताना मेमरीत लिस्ट, डिक्शनरी, एकमेकांत अडकलेले ऑब्जेक्ट असं बरंच काही असतं, आणि प्रोग्राम थांबला की ते जातं. ‘डम्प’ म्हटलं की पिकल हा सगळा पसारा बाइट्सच्या एका सलग ओळीत उतरवतं. ‘लोड’ म्हटलं की तो जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. आपल्याच पोटात स्वतःला धरून बसलेली लिस्टसुद्धा! जेसन या डेटा साठवायच्या दुसऱ्या पद्धतीला ती जमत नाही, तिथे एरर येतो. पिकल मात्र प्रत्येक ऑब्जेक्टला क्रमांक देऊन तो ‘मेमो’त टिपून ठेवतं आणि तोच ऑब्जेक्ट पुन्हा आला की फक्त क्रमांक लिहितं.

हे कसं साधतं, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर विवेचन कुठल्या पुस्तकात नाही. ते पायथनच्याच ‘पिकलटूल्स’ या फाइलीतल्या टिपांमध्ये आहे. टिम पीटर्स यांनी ती पायथन २.३ च्या वेळी लिहिली. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय की पिकलची फाइल म्हणजे एका छोट्या काल्पनिक यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम आहे. या यंत्राला लूप नाही, अट नाही, बेरीज-वजाबाकी नाही. पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत एकदाच चालायचं आणि पूर्णविरामाचं चिन्ह आलं की थांबायचं. ‘डेटाची फाइल’ म्हणून आपण जी उघडतो, ती खरं तर चालवली जात असते. पुढचे बहुतेक किस्से या एका गोष्टीतून निघतात.

या यंत्राच्या आज्ञांमध्ये दोन बारीकशा आज्ञा आहेत. एक म्हणते, अमुक मॉड्यूलमधली अमुक नावाची वस्तू आण. दुसरी म्हणते, ती या माहितीसह चालव. ऑब्जेक्ट परत बांधायचा तर त्याचा क्लास बोलवावाच लागतो, म्हणून या आज्ञा हव्यातच. पण आणायची वस्तू ऑपरेटिंग सिस्टिमला हुकूम देणारं फंक्शन असेल तर? यंत्र तेही निमूटपणे चालवेल.

हा धोका सुरुवातीला कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. पायथन २.२ पर्यंत पिकलला एक कुलूप होतं. एखादं फंक्शन किंवा क्लास ‘पिकलमधून बोलवायला सुरक्षित’ अशी खूण बाळगत असेल, किंवा त्याची तशी नोंद असेल, तरच लोड करताना ते चालवायचं. कागदावर व्यवस्था चोख होती.

जानेवारी २००३ च्या अखेरीस पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम आणि टिम पीटर्स यांनी पीईपी ३०७ हा प्रस्ताव मांडला. मूळ निमित्त वेगळंच होतं. पायथन २.२ मध्ये नव्या धर्तीचे क्लास आले होते आणि त्यांचे ऑब्जेक्ट पिकल केले की फाइल उगाच फुगायची. दोघेही तेव्हा झोप (Zope) कॉर्पोरेशनमध्ये होते आणि झोपचा डेटाबेस प्रत्येक ऑब्जेक्ट पिकल करूनच साठवायचा, म्हणजे फुगवटा त्यांच्या घरचाच प्रश्न होता. नेहमी लागणाऱ्या क्लासना लांबलचक नावांऐवजी छोटे आकडे द्यावेत, अशीही सोय या प्रस्तावात आहे. त्या आकड्यांच्या वाटपात १२८ ते १९१ चक्क झोपसाठी राखून ठेवलेत. भाषेच्या अधिकृत दस्तऐवजात एका कंपनीसाठी चौसष्ट आकडे! असे तपशील वाचताना त्या काळचा पायथन किती लहान गोतावळ्यात घडत होता ते दिसतं.

पण त्याच दस्तऐवजात, बाइट वाचवण्याच्या चर्चेमध्येच, सुरक्षेवर एक छोटा भाग आहे. त्याचा मथितार्थ असा: हे कुलूप खोटा दिलासा देतं. परक्याची पिकल फाइल उघडल्यावर नको तो कोड चालणार नाही, हे सिद्ध करण्याइतकी तपासणी कुणीही केलेली नाही, उलट २.२ मधल्या चुकांमुळे कुलूप सहज चुकवता येतं. तेव्हा नीट न तपासलेल्या सुरक्षेवर विसंबण्यापेक्षा आपलं साधन असुरक्षित आहे हे ठाऊक असलेलं बरं. आणि त्यांनी कुलूप काढून टाकलं. जुलै २००३ मध्ये आलेल्या २.३ मध्ये ते नव्हतं. आजही पिकलच्या माहितीपानावर ठळक ताकीद आहे: विश्वासातली नसेल ती फाइल लोड करू नका.

मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. बहुतेकांनी कुलपाला आणखी एक कडी लावली असती.

ताकीद मात्र फार थोडे वाचतात. २०११ मध्ये ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत मार्को स्लाविएरो यांनी घातक पिकल कसं रचायचं, याचं पद्धतशीर प्रात्यक्षिक दिलं. पिकलचा वापर तरीही वाढतच गेला, कारण ते हाताशी होतं. यंत्रशिक्षण शिकणाऱ्या पिढ्यांनी सिफार-१० हा साठ हजार चित्रांचा संच हाताळला आहे. त्याची पायथन आवृत्ती पिकलच्याच फाइलींत येते. पायथन २ मध्ये बनलेली ती फाइल पायथन ३ मध्ये सरळ उघडली की अक्षरांच्या एन्कोडिंगचा एरर येतो आणि नवशिका पहिल्याच दिवशी अडखळतो.

एन्कोडिंगचा विषय निघालाच आहे, तर एक आपल्या लिपीचंही. पायथन २ मध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर पिकल सर्वांत जुन्या, साध्या अक्षरांच्या प्रोटोकॉलने लिहायचं. त्यात युनिकोडमधल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहा बाइट लागत. ‘पुणे’ या शब्दात काना-मात्रा धरून चार चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट. बायनरी प्रोटोकॉलमध्ये तेच बारात मावतं. प्रोटोकॉलचा आकडा न बदलता मराठी मजकूर साठवणाऱ्यांच्या फाइली अशा दुप्पट होत राहिल्या.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. पायटॉर्च या मॉडेल घडवायच्या साधनाची फाइल आतून पिकलच. अनोळखी माणसाने चढवलेलं मॉडेल उतरवून घ्यायचं आणि लोड करायचं, हे रोजचं काम झालं. २००३ ची ताकीद एकदम कोट्यवधी डाउनलोडांना लागू पडली. २०२२ मध्ये मॉडेलं वाटणाऱ्या हगिंग फेसने ‘सेफटेन्सर्स’ हे फाइलचं नवं स्वरूप आणलं. त्यात पहिल्या आठ बाइटांत शीर्षकाची लांबी, मग जेसनमधलं शीर्षक, मग नुसते आकडे. चालवण्याजोगं काहीच नाही. २०२३ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीकडून त्याची सुरक्षा तपासणीही झाली. गिडो आणि टिम यांनी जी तपासणी कुणी केली नाही म्हणून लिहिलं होतं, ती इथे करून घेतली गेली.

पायटॉर्चने वेगळी वाट धरली. फक्त ठरावीक वस्तूच लोड होऊ देणारा पर्याय त्यांनी दिला आणि जानेवारी २०२५ मधल्या २.६ पासून तो आपोआप लागू केला. म्हणजे मंजूर नावांची यादी, बावीस वर्षांनी, पुन्हा. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालं की २.५.१ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत हा पर्याय चालू असतानाही परका कोड चालवता येत होता. दुरुस्ती २.६ मध्ये झालेली आहे. जुन्या आवृत्तीवर मॉडेल उघडणाऱ्यांनी ती आधी बदलून घ्यावी.