आरएक्स १००चं इंजिन पुन्हा बांधायचंय? बोअर मारायच्या आधी सील तपासा

गावागावांत अजून यामाहा आरएक्स १०० गाड्या आहेत. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ही टू-स्ट्रोक गाडी. इंजिन फक्त ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर आणि पिकअप असा की आजच्या नव्या गाडीवरचा पोरगा मागं वळून बघतो. कुणाच्या वडिलांची आहे, कुणी हौसेनं विकत घेतलेली आहे. पण या गाड्या आता तिशी ओलांडून गेल्यात आणि इंजिनाचं काम निघालं की मालकाच्या खिशाला भोक पडतं.

त्यातही एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. चढाला डबलसीट असताना इंजिन जाम झालं. मेकॅनिककडं नेली, ब्लॉकला बोअर मारला, नवं पिस्टन-रिंग टाकलं. गाडी मस्त चालली. दोन महिन्यांत पुन्हा जाम. मग मालक म्हणतो मेकॅनिकनं फसवलं, मेकॅनिक म्हणतो पिस्टन डुप्लिकेट होतं, आणि तिसरा कुणी सांगतो की टू-स्ट्रोकचा जमानाच गेला. बहुतेक वेळा तिघांचंही चुकलेलं असतं. पिस्टन बदललं, पण ते जाम का झालं ते कुणी शोधलंच नाही.

हवा आत येते कुठून?

हे समजायला टू-स्ट्रोक इंजिन चालतं कसं ते थोडं बघावं लागेल. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालच्या भागात इंजिन ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये तसं नाही. कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल, हवा आणि टू-टी ऑइल आधी पिस्टनच्या खाली, क्रँक फिरते त्या खोलीत जातं. पिस्टन खाली आलं की तिथं ते दाबलं जातं आणि ब्लॉकमधल्या खिडक्यांतून, म्हणजे पोर्टमधून, वर ढकललं जातं. म्हणजे ही खालची खोलीच पंपाचं काम करते. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हला गळती असली की मोटर कितीही चांगली असो, पाणी नीट उचलत नाही. इथंही तसंच.

या खोलीला हवाबंद ठेवतात ती क्रँकच्या दोन टोकांची दोन रबरी सील. एक मॅग्नेटच्या बाजूला, एक क्लचच्या बाजूला. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि ओठ झिजतात. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. सायलेन्सरमधून धुराचा लोट निघतो, गिअर ऑइल कमी होत जातं आणि खाली तर एक थेंब सांडलेला दिसत नाही. हे निदान सोपं आहे. मॅग्नेटकडचं सील गेलं तर मात्र धूर नाही, आवाज नाही, काहीच कळत नाही. तिथून फुकटची हवा आत जाते, पेट्रोलचं आणि त्याबरोबर ऑइलचंही प्रमाण हवेच्या मानानं कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन फुगून ब्लॉकला घासतं. अशी गाडी थोडे दिवस उलट जास्त पळाल्यासारखी वाटते. अॅक्सिलेटर सोडला तरी रेस लवकर खाली येत नाही. हे लक्षण दिसलं की गाडी थांबवलेली बरी.

तपासायचं कसं? कंपनीचं टेस्टर महाग असतं, पण ब्लड प्रेशर बघायचा काट्याचा जुना डायल आणि रबरी फुगा यावर काम भागतं. जुना प्लग फोडून त्यातली चिनीमाती काढा, त्यात नळी बसवून एम-सीलनं बंद करा. कार्बोरेटर आणि सायलेन्सर उतरवून दोन्ही तोंडं ट्यूबच्या रबरानं घट्ट बांधा. टू-टी ऑइलची बारीक नळीही बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग पोर्टमधून एक होतो. आता प्लगच्या जागेतून काटा ३००वर जाईपर्यंत हवा भरा. हा दाब सहा पीएसआयच्या जरा खाली येतो, तेवढाच लागतो. पाच-सहा मिनिटं काटा जवळपास जागेवर राहिला पाहिजे. मिनिटाला ५०पेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते पाहा: सीलजवळ, ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगला, हेडला, की कार्बोरेटरच्या रबराला. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरनं ही तपासणी कधीच करू नका, चांगली सीलसुद्धा जागेवरून निघून जातील.

जुनं पिस्टन फेकू नका

ब्लॉक उतरवल्यावर निघालेलं पिस्टन भंगारात टाकायच्या आधी उजेडात धरून बघा. सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन तापलेलं आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बोरेटरकडच्या बाजूला बारीक ओरखडे असतील तर धूळ आत गेली. फिल्टरचा फोम फाटलेला किंवा काढूनच टाकलेला असतो, उसाच्या फुफाट्याच्या रस्त्यावर हे नेहमीचंच. चारही कोपऱ्यांवर खुणा असतील तर बोअर घट्ट मारला होता किंवा थंड गाडी एकदम पिळली. डोक्यावर वितळल्याचा खड्डा असेल तर टायमिंग, प्लग आणि कार्बोरेटरचा जेट बघावा लागेल.

मग कनेक्टिंग रॉड. खालच्या टोकाला आडवी थोडी हालचाल असतेच, ती चालते. उभी, म्हणजे वर-खाली टकटक लागली तर क्रँक काढावीच लागेल. इथं हाफ इंजिनमध्ये भागवायचा मोह होतो, आणि तो महागात पडतो. नवं पिस्टन जुन्या ढिल्या रॉडवर फार दिवस टिकत नाही. रॉड किट प्रेसवर बसवतात आणि त्यानंतर क्रँक ट्रू करून घ्यावी लागते. ज्याच्याकडं डायल गेज नाही, हातोडीनं अंदाजे सरळ करतो, त्याच्याकडं हे काम देऊ नये.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जा. नामांकित कंपनीचं बेअरिंग तिथं बऱ्याचदा वाजवी भावात मिळतं. जुन्या बेअरिंगवर नंबरापुढं सी-३ असेल तर तेच मागा. त्यात गोळ्यांना किंचित जास्त सैलपणा असतो, इंजिन तापल्यावर तो लागतो. सील व्हायटन रबराची मिळाली तर घ्या. थोडी महाग असतात, पण उष्णता आणि आजचं पेट्रोल दोन्ही सोसतात.

लेथवाल्याकडं जाताना आधी पिस्टन विकत घ्या आणि ते सोबत न्या. ब्लॉक त्या पिस्टनच्या मापानं कापायचा असतो, नुसतं ‘पन्नास पॉइंटचा बोअर मार’ म्हणून ठेवून यायचं नाही. ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. ब्लॉक २५ पॉइंटमध्ये साफ होत असेल तर थेट ७५वर जाऊ देऊ नका, पुढच्या वेळची पायरी वाया जाते. बोअरनंतर पोर्टच्या कडा हलक्या हातानं मोडून घ्यायला सांगा. कड धारदार राहिली तर रिंग तिथं अडकून तुटते.

ब्लॉक घरी आला की गरम पाणी आणि कपड्याच्या साबणानं ब्रशनं घासून धुवा. रॉकेल किंवा पेट्रोलनं ऑइल निघतं, होनिंगचे बारीक कण निघत नाहीत. पांढरं फडकं आत फिरवून काळं होत नाही तोवर धुवायचं, आणि वाळल्याबरोबर ऑइल लावायचं, नाही तर तासाभरात गंज धरतो. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं ठेवा. गजन पिनच्या क्लिपा नव्याच घ्या आणि बसवताना खाली फडकं कोंबा. क्लिप क्रँकमध्ये पडली तर झालेलं सगळं काम पुन्हा उघडावं लागतं.

ताकद वाढवायची तर

सगळ्यात स्वस्त ताकद सायलेन्सरमध्ये अडकलेली असते. आतली नळी काढून कार्बन जाळून खरवडला, ब्लॉकचं एक्झॉस्ट पोर्ट साफ केलं की मरगळलेली गाडी बरीच मोकळी होते. दुसरं, रीड व्हॉल्व्ह. पात्या उजेडात धरा. टोकाला उजेड दिसत असेल किंवा तुकडा उडालेला असेल तर बदला, स्टार्टिंग आणि खालचा पिकअप दोन्ही सुधारतात.

पोर्ट घासून मोठं करण्याचं खूळ मात्र विचारपूर्वक घ्यावं. एक्झॉस्ट पोर्ट वर उचललं की ताकद वरच्या रेसमध्ये जाते आणि खालची ओढ कमी होते. मागं दुधाचे कॅन बांधून पाणंद रस्त्यानं येणाऱ्याला खालची ओढच लागते. आरएक्स १३५चा ब्लॉक चढवण्याचीही पद्धत आहे. पण आरसी बुकावर ९८ सीसी आणि गाडीत भलतंच, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही. फटफट आवाजाच्या सायलेन्सरला कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुळात या गाड्यांची पंधरा वर्षं केव्हाच उलटली आहेत, आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. इंजिनावर खर्च करायच्या आधी एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून मुदत बघा. कागद संपलेल्या गाडीत पैसे घालून मग पस्तावणारे कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट नव्यानं आली आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तेच मिश्रण कोरडं पडतं. नव्या गाडीतला कॉम्प्युटर ते सांभाळतो, आरएक्सच्या कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळं इंजिन बांधल्यावर मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लगचा रंग बघावा. कॉफीसारखा तपकिरी आला तर बरोबर, पांढरा आला तर अजून मोठा जेट, काळा ओला आला तर एक पायरी मागं. हे पेट्रोल पाणीही धरतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून ठेवा.

पहिल्या टाकीला ऑइल पंपावर भरवसा न ठेवता पेट्रोलमध्येच लिटरला ३० मिली चांगलं टू-टी ऑइल मिसळा. पंपाच्या नळीतली हवा निघून ऑइल येतंय याची खात्री झाली की मग मिसळणं बंद करा. पहिल्या दिवशी गाडी सुरू करून ब्लॉक गरम होऊ द्या, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा करा. इंजिन थंड असताना हेडचे नट आलटून-पालटून पुन्हा एकदा आवळा. पाचशे किलोमीटरपर्यंत डबलसीट नाही, ओझं नाही, अर्ध्याच्या वर अॅक्सिलेटर नाही, आणि एकाच वेगात लांब अंतरही नाही. घरात तरणं पोरगं असेल तर तेवढे दिवस चावी आपल्याकडंच ठेवलेली बरी.