एसी गार करत नाही? गॅस भरायच्या आधी हे वाचा

मागच्या भागावर बऱ्याच जणांनी सांगितलं की गाडीच्या एसीबद्दल बोललो ते नीट लिहून द्या, बॉनेट उघडून उभं राहिलं की ऑडिओ मागे-पुढे करता येत नाही. बरोबर आहे. तर हा घ्या.

विषय निघाला माझ्या मावसभावाच्या गाडीवरून. सोलापूर, मे महिना, नऊ वर्षं जुनी हॅचबॅक. सकाळी एसी मस्त गार, दुपारी अर्ध्या तासात गरम हवा. गाडी थोडा वेळ उभी केली की परत गार. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर, "गॅस संपलाय." दोनदा गॅस भरला, पैसे गेले, पुन्हा तेच. मग मला फोन, "दादा, आता कॉम्प्रेसर बदलायला सांगतायत. बदलू का?"

म्हटलं, थांब जरा.

एक लक्षात घ्या, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. दुसरं, गॅस कमी असेल तर गाडी उभी केल्यावर तो परत येणार कुठून? हां, आत बर्फ धरला तरी असा लपंडाव होतो, पण तेव्हा हवेचा जोर कमी होतो. इथे हवा जोरात येत होती, फक्त गरम.

म्हणून आधी बघायचा तो कॉम्प्रेसरचा क्लच. इंजिन चालू असलं की बेल्टवरची पुली कायम फिरते. पण तिच्या पुढची चकती एसी लावल्यावरच 'टक्' करून चिकटते आणि फिरायला लागते. तिला ओढणारं म्हणजे आतली कॉइल, १२ व्होल्टवर चालणारं साधं चुंबक. एकाला गाडीत बसवा, एसी लावायला सांगा, तुम्ही लांबून बघा. ओढणी, सैल बाही, हातातला धागा बेल्टपासून दूर, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हेही विसरू नका.

चकती फिरतेय तरी हवा गरम? मग गॅस, पंखा किंवा आतल्या झडपा बघा. चकती फिरतच नाही? मग करंटचा रस्ता तपासायचा: फ्यूज, रिले, वायर, कॉइल. मध्ये प्रेशर स्विचही असतो. गॅस फार कमी किंवा दाब फार जास्त झाला की तो क्लच बंद पाडतो. म्हणजे गॅसवाला नेहमीच चुकीचा असतो असं नाही बरं का.

भावाच्या गाडीत दुपारी, बिघाड हजर असताना, चकती थांबलेली होती. फ्यूज ठीक. क्लचचा कपलर काढून मल्टिमीटर लावला तर १३.९ व्होल्ट. इथेच बहुतेक जण फसतात. "करंट येतोय, म्हणजे कॉइल गेली, कॉम्प्रेसर बदला." पण कपलर काढल्यावर रस्त्यावर भारच नसतो. अगदी जळक्या कॉन्टॅक्टमधूनही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोजायचं ते कपलर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने पिन टेकवून. तसं मोजलं तर ९.४! बॅटरीवर मात्र १३.८.

चार व्होल्टहून जास्त वाटेतच गायब. मग बॅटरीचा मायनस आणि कॉइलचं अर्थिंग यांच्यामध्ये मोजलं, ०.१. अर्थिंग चांगलं, म्हणजे चोर प्लसच्या बाजूला. रिलेला हात लावला तर चांगलाच तापलेला. शेजारी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले होता. इंजिन बंद करून दोन्हींची अदलाबदल केली, परत चालू केलं. टक्! पाच मिनिटांत गार हवा. (हॉर्न मात्र घसा बसल्यासारखा वाजायला लागला.)

मग सकाळी कसा चालायचा? तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, दर १० अंशांना साधारण ४ टक्के. दुपारी इंजिनजवळची कॉइल सकाळपेक्षा ५०-६० अंशांनी तापली तर करंट चांगलाच घटतो, त्यात व्होल्टेज आधीच अपुरं. चुंबकाला चकती ओढण्याची ताकदच उरत नाही. गाडी उभी राहिली, कॉइल निवली, की परत चालू. चकतीतली फट झिजून वाढली असेल तरी हेच होतं. तेव्हा व्होल्टेज पूर्ण असतं, आणि फट नीट केली की काम होतं.

दोन गोष्टी मात्र करू नका. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकू नका. वायर कुठेतरी घासलीय किंवा उंदराने कुरतडलीय, तेच तो सांगत असतो. आणि प्रेशर स्विचला तारेने जोड देऊन गाडी पळवू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नसताना तो जबरदस्तीने चालवला तर कोरडा पडून जाम होतो, आणि तेव्हा खरंच हजारोंचं बिल येतं.

काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही 'टक्' शोधत बसू नका, स्कॅनर लागतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली की हात मागे, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

भावाने दुसऱ्या दिवशी नवा रिले आणला, दोनशेच्या आत. कॉम्प्रेसर अजून तोच आहे. आता त्याच्या गाडीचा ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर गप्प. ज्यांना रेझिस्टर माहीत आहे ते हसले असतील. बाकीच्यांसाठी तो पुढचा भाग.