कुलूप बाहेरून, मूल आत

हातकणंगले तालुक्यात पोटासाठी घर सोडावंच लागतं. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोलीची एमआयडीसी, हुपरीचा चांदीधंदा, गळीत हंगामात साखर कारखाने. नवरा-बायको दोघंही कामावर, सासू-सासरे गावाकडे. मग शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत नऊ वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा भाऊ घरात एकटे. किल्ली शेजारच्या काकूंकडे, ताटाखाली झाकून ठेवलेली भाकरी-आमटी आणि बजावून सांगितलेलं एकच वाक्य: ‘गॅसला हात लावायचा नाही.’

हा गुन्हा आहे का? मूल कितव्या वर्षापासून घरी एकटं राहू शकतं, हे भारतातला कोणताही कायदा सांगत नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात आठ वर्षांखालचं मूल घरी एकटं ठेवता येत नाही. सोबत किमान तेरा वर्षांचं, भरवशाचं कुणी तरी लागतं. आपल्याकडे वय बघत नाहीत, हेळसांड बघतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ म्हणतं, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षामुळे मुलाला शारीरिक वा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ बारा वर्षांखालच्या मुलाला कायमचं टाकून देणाऱ्यासाठी आहे. पाळी संपली की धावत घरी येणाऱ्या आईला ते लागू पडत नाही.

म्हणून खरी तपासणी बारीकसारीक गोष्टींची. दार बाहेरून बंद असेल आणि आत शॉर्टसर्किट झालं, तर मूल बाहेर कसं पडणार? आईचा मोबाईल नंबर त्याला पाठ आहे का? पाण्याच्या हौदावर झाकण आहे का? लहानग्याला सांभाळणारी ताई स्वतःच लहान असेल, तर तिच्यावर टाकलेला भार हीसुद्धा हेळसांडच, असं मला वाटतं.

नवरा-बायको वेगळे झाले की हीच परिस्थिती हत्यार बनते. कुलूपबंद दाराचा फोटो निघतो, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावलं जातं, आणि ‘हिला मुलाकडे बघायला वेळ नाही’ असं अर्जात येतं. कायदा मात्र इतक्यावर निकाल देत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, आणि कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर. मुलं म्हणजे आई-बापांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात बजावलं. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार समजत्या वयाच्या मुलाचं मतही न्यायालय विचारात घेऊ शकतं. तेव्हा एखाद्या दिवशीच्या कुलपापेक्षा रोजची व्यवस्था मोलाची ठरायला हवी: शाळेतली हजेरी, आजारपणात रजा कोण टाकतं, दुपारी लक्ष कोण ठेवतं. आई नोकरी करते म्हणून ती नालायक, हा युक्तिवाद मला संतापजनक वाटतो. बाप कारखान्यात गेला की तो ‘घर चालवतो’, आई गेली की ती मूल ‘टाकून’ जाते!

कुणी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन केला, तर पोलीस थेट मूल उचलून नेतील, ही भीती गल्लीगल्लीत आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणावं लागतं हे खरं. पण मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्वही बाल न्याय अधिनियमातच लिहिलेलं आहे.

कायद्याचा हात थिटा पडतो तो दुसरीकडेच. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, ही अट प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली; आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही मिळाली. वीस-पंचवीस मागांच्या शेडला ती लागू होत नाही. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची, तीही काही तासच. सहा ते बारा वयाच्या मुलाला शाळा सुटल्यावर बसायला जागाच नाही. गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. एका ताईला मानधन देऊन त्यातला एक सात वाजेपर्यंत उघडा ठेवणं ग्रामपंचायतीला जड नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय आयांनीच मांडावा, आणि बापांनी त्यांच्या शेजारी बसावं.