गाडी सारखी बंद पडतेय? पार्ट बदलण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिलिव्हरीसाठी जुनी गाडी घ्यावी की नवी, याचा हिशोब मांडला. त्यात मी पटकन एक वाक्य बोलून गेले, "जुनी घ्या, पण ती बंद का पडते हे शोधायला शिका." हे शिकायला मला बरेच पैसे मोजावे लागले. तुम्हाला लागू नयेत म्हणून आज सविस्तर लिहिते.

दुकान सुरू केलं तेव्हा मी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. काजू, कोकम, आगळ भरायचं आणि शिरोडा, कुडाळ, सावंतवाडी करायचं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी चालता चालता बंद पडायला लागली. कधी मोचेमाडच्या चढावर, कधी सरळ रस्त्यावर. दहा मिनिटांनी आपोआप चालू. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, दुसऱ्यात पेट्रोलचा फिल्टर, मग मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, पंप बदलूक व्हयो." बदलला. साडेआठ हजार गेले आणि चार दिवसांनी गाडी परत रस्त्यात उभी. त्या दिवशी शिरोड्याच्या एका हॉटेलची ऑर्डर पोचली नाही. पुढच्या महिन्यापासून त्यांनी माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. साडेआठ हजारांपेक्षा ते गिऱ्हाईक जाणं मला जास्त लागलं.

शेवटी बॅटरी आणि वायरिंगचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "गाडी बंद कशी पडता, ता आधी सांग." आणि मला सांगताच येईना!

पहिलं काम: वही

बीबीएला आम्हाला 'रूट कॉज' शिकवलं होतं. परीक्षेत मार्क मिळाले, पण स्वतःच्या गाडीला ते लावायचं सुचलं नाही. गाडीत एक वही ठेवा. प्रत्येक वेळी बंद पडली की लिहा: इंजिन गरम होतं की थंड, चढ की सपाट, पाऊस होता का, खड्डा आला होता का, टाकीत पेट्रोल किती, मीटरवरचे दिवे लागले की विझले, परत कधी चालू झाली. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यात काहीतरी सारखं दिसायला लागतं.

बंद पडण्याची पद्धत काय सांगते?

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यातली एक गेली की इंजिन थांबतं.

- झटके खात, मिसिंग मारत बंद होते, खास करून चढावर: पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर चोंदलाय किंवा पंप दमलाय. टाकीचं झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी बरी चालली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद झालाय.
- चावी काढल्यासारखी एकदम बंद: बहुतेक वेळा विजेचा दोष. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग, रिले, चावीचा स्विच बघा. खड्ड्यात बंद पडत असेल तर संशय आणखी पक्का.
- गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू: इग्निशन कॉइल किंवा क्रँक सेन्सर. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पाईपमध्येच उकळून वाफ अडकणं हेही कारण असतं.
- सिग्नलला किंवा एसी लावल्यावर बंद, रेस दिली की ठीक: थ्रॉटल बॉडीत काजळी, स्लो सांभाळणारा व्हॉल्व्ह खराब, किंवा कुठल्यातरी फाटलेल्या रबरी पाईपमधून हवा घुसतेय.
- फक्त पावसात: प्लगच्या वायरी, जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी. तडा गेला की ओलाव्यातून करंट पळतो.

माझ्या गाडीत काय निघालं?

वहीत दिसलं ते असं: गाडी एकदम बंद पडायची, झटका नाही. बऱ्याच वेळा खड्डा किंवा गतिरोधक. आणि बंद पडल्यावर चावी फिरवली की बाकीचे दिवे लागायचे, पण इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा नाही.

काकांनी तिथेच बोट ठेवलं. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की तो दिवा क्षणभर लागलाच पाहिजे आणि मागून पंपाचा 'हूँ' असा दोनेक सेकंद आवाज यायला हवा. दोन्ही नाही, म्हणजे या दोघांना हुकूम देणारा कॉम्प्युटरच झोपलाय. त्याला करंट तरी मिळत नाही किंवा अर्थिंग तरी. पंप बिचारा ठीकच होता! तो गप्प होता कारण त्याला कुणी सांगत नव्हतं.

मग मल्टिमीटर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या वायरला, चावी ऑन. चांगल्या जोडणीत हा फरक साधारण ०.२ व्होल्टच्या आत असतो. आमचा आकडा वायर हलवली की एक व्होल्टच्या वर उडी मारायचा. नट खोलला तर थिंबलवर हिरवट-पांढरी बुरशी. समुद्राची खारी हवा. पॉलिश पेपर, नवीन थिंबल, वरून थोडं ग्रीस. अर्ध्या तासाचं काम. परत तसा त्रास झाला नाही.

आपल्या किनाऱ्यावर गाडी असेल तर हे लक्षात ठेवा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, अर्थिंगचे सगळे नट आणि बॅटरीचे टर्मिनल साफ करून घ्या.

तपासायचा क्रम: फुकट ते महाग

१. आधी डोळ्यांनी आणि हाताने: टर्मिनल सैल आहेत का, पाईप फाटलाय का, कुठे पेट्रोलचा वास येतोय का. वास येत असेल तर गाडी चालूच करू नका.
२. फ्यूज आणि रिले. पंपाचा आणि हॉर्नचा रिले सारख्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा.
३. मल्टिमीटर. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५.
४. स्कॅनर. कोड हा इशारा असतो, निकाल नव्हे. सेन्सरचा कोड आला तरी आधी त्याची वायर तपासा.
५. पेट्रोलचं प्रेशर गेज लावून मोजून घ्या. त्यानंतरच पंपाचं नाव काढा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही.

जुनी गाडी म्हणजे किती जुनी?

मारुती ८०० आली १९८३ मध्ये, ओम्नी १९८४ मध्ये. ओम्नीचं उत्पादन २०१९ ला थांबलं, तरी आपल्याकडे बाजारात, आंब्याच्या सीझनला ती अजून दिसतेच. सुरुवातीच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, नंतरच्या इंजेक्शनच्या. घेताना हे विचारा, कारण तपासणी वेगळी असते. दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी पाईपना ते मानवत नाही. म्हणून महिनाभर उभ्या ठेवलेल्या जुन्या गाडीत पाईप आणि फिल्टर आधी बघा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर

घाबरू नका. चारही इंडिकेटर लावा आणि हळूहळू डावीकडे घ्या. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. पहिल्या एक-दोन दाबांनंतर तो जड होतो, म्हणून एकदाच दाबून धरा. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होईल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

धंद्यासाठी यातून काय घ्यायचं?

गॅरेजवाल्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मी त्यांना फक्त "बंद पडते, बघा" एवढंच सांगत होते. नेमकी माहिती नसेल तर समोरचा अंदाजच करणार, आणि त्या अंदाजाचं बिल आपल्या नावावर फाटणार.

दुकानातही तेच. विक्री घटली की आपण लगेच बोर्ड बदलतो, डिस्काउंट लावतो, नवीन माल भरतो. पण कुठल्या दिवशी घटली, कुठलं गिऱ्हाईक यायचं थांबलं, हे लिहून ठेवलेलं नसतं. आधी नोंद, मग तपास, आणि खर्च सगळ्यात शेवटी.

तर आजच्या आज एक वही गाडीत ठेवा. आणि दुसरी गल्ल्याजवळ.

भेटू पुढच्या व्हिडिओत!