भुईआवळी, वुडचक आणि यकृताची दुहेरी लढाई

कुंभकोणमजवळच्या आडुतुरैत भातखाचरांच्या बांधावर पावसाळ्यात एक बुटके रोप हमखास दिसते. पानांखाली मण्यांसारखी बारीक फळे ओळीने लागलेली असतात. तमिळमध्ये ते कीळानेल्ली, आपल्याकडे भुईआवळी. कावीळ झाली की हिचा रस घ्या, असे तुमच्याही घरात कोणीतरी सांगितले असेल. पण हीच भुईआवळी थेट अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पोहोचली होती, हे तुम्हाला माहीत आहे का?

हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या नोबेल विजेत्या डॉ. बारुक ब्लुमबर्ग यांच्या गटाने १९८७ साली भुईआवळीच्या अर्काची वुडचक या प्राण्यावर चाचणी घेतली. नुकतीच लागण झालेल्या काही वुडचकांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी मद्रास विद्यापीठाचे डॉ. एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्क घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तात विषाणूची खूण उरली नव्हती. मात्र नंतर इतर देशांत झालेल्या चाचण्यांत असे यश दिसले नाही.

वुडचकच का?

वुडचक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. त्याला होणारा विषाणू आपल्या हिपॅटायटिस बी चा सख्खा भाऊबंद. जन्मतःच लागण झालेली पिल्ले आयुष्यभर विषाणू बाळगतात आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे यकृताचा कर्करोग होतो. म्हणून माणसासाठीची औषधे आधी यांच्यावर तपासली गेली.

त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. लॅमिव्ह्युडिनसारखे औषध विषाणूची वाढ रोखते, पण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात दडलेले त्याचे मूळ तसेच राहते. औषध थांबवले की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. तण वरवर कापले, मुळे मात्र जमिनीतच राहिली, असाच हा प्रकार. शिवाय दीर्घकाळ विषाणूसोबत राहून शरीराची प्रतिकारशक्ती त्याला जणू घरचाच समजू लागते.

एक रोखतो, दुसरा जागे करतो

इथे पेप्टाइड कामी येते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. थायमोसिन अल्फा-१ हे असेच २८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. थायमस ग्रंथीत ते पहिल्यांदा सापडले. ते विषाणूवर थेट तुटून पडत नाही, तर झोपलेल्या प्रतिकारपेशींना जागे करते. म्हणूनच औषधाने विषाणूची संख्या कमी करायची आणि पेप्टाइडने पहारेकऱ्यांना उठवायचे, असा दुहेरी विचार पुढे आला.

या विचाराला बळ देणारा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. वुडचकांना आधी क्लेव्ह्युडिन हे विषाणूरोधक औषध दिले, मग लस टोचली. थंड पडलेली प्रतिकारशक्ती पुन्हा विषाणूविरुद्ध उभी राहिली. तरीही विषाणूचे मूळ पूर्णपणे उपटून काढणारा खात्रीचा उपाय अजून हाती आलेला नाही.

तुमच्या घरासाठी

घरात कुत्रा असेल तर हे लक्षात ठेवा. कुत्र्यांचा हिपॅटायटिस वेगळ्या विषाणूमुळे, ॲडिनोव्हायरसमुळे होतो आणि तो माणसाला लागत नाही. त्यावर खास औषध नाही. सलाइन आणि शुश्रूषा यांवरच भिस्त असते. पण लस आहे. लसीच्या कार्डावरच्या ‘डीएचपीपीआय’मधला ‘एच’ म्हणजे हिपॅटायटिस. पिल्लाचे डोस वेळेवर पूर्ण करा.

बाळ येणार असेल, तर जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्या. घरात कोणाला कावीळ झाली, तर ती कुठल्या कारणाने आहे हे आधी रक्त तपासून पाहा. भुईआवळीवर विश्वास असेल तर तसे डॉक्टरांना सांगा, पण तिच्या भरवशावर सुरू असलेली गोळी बंद करू नका. मधेच गोळी सोडली की विषाणू कसा उसळतो, हे त्या वुडचकांनी आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे.